वहीतल्या पोळ्या

"तुम्हाला माझ्या वहीत पोळ्या लाटायला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, हळू बोल. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे! खालच्यांनाही कळू दे, मोकाशी पोळ्या लाटतात म्हणून. घरात लाटताना तर कुणी पाहिलेलं नाही, वहीत लाटल्याचं तरी ऐकू दे!"

कमलाकरराव मोकाशी एक चप्पल काढून आणि एक घालून दारातच उभे होते. जासईच्या कंटेनर यार्डाची बस त्यांना आत्ताच खांदा कॉलनीच्या नाक्यावर सोडून गेली होती. म्हणजे भांडण ते यायच्या आधीच सुरू झालं होतं. (कुमुदला त्यात अडचण नव्हती. एकोणीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची बाजूही तिला पाठ झाली होती.)

"हे वाचा," म्हणत तिनं वही त्यांच्या नाकाखाली धरली.

'माझे यजमान ब्राह्ममुहूर्ती उठून, मजला न उठविता, स्वहस्ते कणीक तिंबतात व चंद्रबिंबासम पोळ्या लाटतात,' असं खुद्द कमलाकररावांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि शेजारी समासात लाल शाईनं विचारलं होतं, 'कोणाचे यजमान?'

पुढच्या पानावर 'मजला ज्वर येताच ते अहोरात्र उशाशी बसून राहतात' याच्यासमोर 'ऑफिस?' होतं. त्यापुढच्या पानावर बाई नुसत्या 'अरेरे' लिहून थांबल्या होत्या. आणि शेवटी शेरा : 'भाषा विद्यार्थिनीची वाटत नाही. पतीचे पात्र अविश्वसनीय. वही स्वतः लिहिल्याची खात्री पटल्याखेरीज परीक्षेचा फॉर्म पुढे पाठविता येणार नाही. रविवारी सकाळी नऊ वाजता घरी येऊन पाहीन. – फ्लोरा वाकरुळकर.'

झालं होतं ते असं. जूनमध्ये रेवा, म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला हॉस्टेलात गेली आणि कुमुदच्या हाताशी दुपार उरली. अशी उरलेली दुपार बायका लोणच्यात घालतात, नाहीतर दुसऱ्याच्या सुनेत घालतात. कुमुदनं लग्नापायी अर्धवट सुटलेलं बी.ए. बाहेर काढलं. परीक्षा बाहेरून द्यायची, आठवड्यातून दोन दुपारी पनवेल गावात अभ्यासवर्गाला जायचं. तिथं शिकवायला या फ्लोराबाई. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पिढ्यान्पिढ्या पनवेलच्या. निम्मं गणगोत इस्रायलला निघून गेलं, तरी बाई आपलं लाल पेन घेऊन इथंच राहिलेल्या. त्यांच्या विषयात 'स्वानुभव-लेखन' म्हणून एक प्रकरण होतं. रोजच्या जगण्यावर चाळीस पानं लिहायची, आपल्या शब्दांत. ती वही पास झाल्याशिवाय एप्रिलच्या परीक्षेला बसता येत नव्हतं.

कुमुदनं लिहिली. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बसून, जे दिसलं ते लिहिलं. पण वही द्यायच्या आठवड्यातच अलिबागला भाचीचं बारसं निघालं.

"तू जा गं निवांत," कमलाकरराव म्हणाले. "मी देतो नेऊन. नुसती फेअर करून देतो."

नुसती फेअर! क्लार्क माणूस, कच्चा कागद वर जाऊ द्यायचा नाही हे हाडात भिनलेलं. कोरी वही घेऊन ते हौसेनं बसले आणि पहिल्याच पानावर अडखळले. कुमुदनं लिहिलं होतं, 'आज यांनी विचारलं, लायटर कुठे असतो? मी म्हटलं, काल होता तिथेच. यांनी विचारलं, काल कुठे होता?'

चाळीस पानांत ते असे बत्तीस ठिकाणी होते. यार्डात त्यांनी कितीकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते, पण स्वतःचा पहिल्यांदाच वाचत होते. मग कुठल्याही माणसानं केलं असतं (पुरुषानं, असं वाचा) तेच त्यांनी केलं. अहवाल बदलला. आणि फेअर झाल्यावर कच्चं फाडायचं ही ऑफिसची शिस्त, म्हणून कुमुदची वही फाडून टाकली.

"एकोणीस वर्षांत माझ्या एका कामाला हात लावला नाहीत," कुमुद म्हणाली, "आणि लावलात तो नेमका याला! मी बाईंना सरळ खरं काय ते सांगणार."

"आणि माझी अब्रू?"

"आणि माझं वर्ष?"

कमलाकररावांनी दुसरी चप्पल काढली. चप्पल काढता काढता त्यांना सुचलं. (त्यांना बरंच काही असं खाली वाकल्यावर सुचतं.)

"हे बघ, यार्डात कागद आणि माल जुळला नाही, तर आम्ही कागद फाडत नाही. माल हलवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे वहीतला नवरा रविवारी हजर करतो. बाई येतील, बघतील, सही करतील. प्रकरण बंद. तुझं वर्षही वाचलं आणि माझी अब्रूही."

कुमुद त्यांच्याकडे बघत राहिली. नवऱ्याला इतक्या आत्मविश्वासात तिनं यापूर्वी दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा नंतर प्लंबर बोलवावा लागला होता.

"करा," ती म्हणाली. "मी बोटही लावणार नाही. विचारलंत तर सांगेन. पण बाईंनी विचारलं तर त्यांनाही सांगेन."

दुसरा दिवस शनिवार, म्हणजे फ्लोराबाईंचा शब्बाथ, सक्तीच्या विश्रांतीचा वार. त्या दिवशी त्या लाल पेनालाही हात लावत नाहीत, म्हणून कमलाकररावांना तयारीला अख्खा दिवस मिळाला. तो त्यांनी टिपणं काढण्यात घालवला.

"कणकेत मीठ किती?"

"अंदाजानं."

कमलाकररावांनी डायरीत लिहून घेतलं आणि फळीवरच्या डब्यांकडे बघत विचारलं, "अंदाज कुठल्या डब्यात असतो?"

कुमुद उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

रविवारी सहाला बेल वाजली. शेजारच्या गावातला बुधाजी दूध घालायला यायचा. दार उघडणारा इसम पाहून तो एक पायरी खाली उतरला.

"वयनी बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत. का?"

"नाय, तुमी दार उगडलं म्हनून ईचारलं. आमच्या गावात बाप्या मानूस दुदाचा टोप घेऊन आला, की आमी समजतो काय ते." त्यानं मान लांब करून आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हायेरी कलवलं का?"

"अरे, झोपेतून उठतेय ती!"

"असंच व्हतं, भाऊ. धीर धरा."

बुधाजी पुढच्या दारी दुधाबरोबर बातमीही घालत गेला असणार. कारण सव्वासहाला खालच्या मालूताई थर्मामीटर घेऊन आल्या. कुमुद खुर्चीत बसून पेपर वाचत होती आणि मोकाशी स्वयंपाकघरात होते. मालूताईंना ते दृश्य तापापेक्षा गंभीर वाटलं. थर्मामीटर ठेवून त्या हळूच निघून गेल्या.

कमलाकररावांनी परातीत तिघांपुरती कणीक घेतली, दोन घरची माणसं आणि एक बाई. पाणी घातलं. जास्त झालं. कणीक घातली. घट्ट झाली. पाणी घातलं. आठ वाजेपर्यंत परात भरली, तेव्हा त्यांनी अर्धा गोळा मोठ्या पातेल्यात टाकला आणि दोन्ही आघाड्यांवर काम चालू ठेवलं. साडेआठला पातेलंही भरलं. आता कणकेचा डबा रिकामा होता आणि गोळा तरीही सैल होता. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात वर धरून ते बाहेर आले.

"ही घट्ट कशानं होते?"

"अजून कणकेनं."

"संपली."

"मग होत नाही," म्हणून कुमुदनं पेपर उलटला.

नऊच्या ठोक्याला फ्लोराबाई आल्या. उंच, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत ती वही. कमलाकररावांनी कोपरानं कडी काढली आणि हसतमुखानं नमस्कार केला. नमस्कार चांगला जमला. सुटेना एवढंच. तळहात एकमेकांना घट्ट चिकटले आणि बाईंचं खुर्चीत बसून पाणी पिऊन झालं तरी मोकाशी आपले हात जोडूनच उभे!

"पुरे हो, मोकाशी," बाई म्हणाल्या. "इतका मान मला माझ्या विद्यार्थ्यांनीही दिलेला नाही."

"चहा टाकतो," म्हणून कमलाकरराव आत पळाले.

आता चहाचं काय झालं, तर कमलाकररावांचा लेबलावर विश्वास. सगळी नोकरीच लेबलांवर झालेली. आणि कुठल्याही बाईच्या स्वयंपाकघरात डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं यांची फारकत कधीचीच झालेली असते. 'बिस्किटे' असतं त्यात तूरडाळ, 'पेढे' असतं त्यात मोहरी. 'चहा' लिहिलेल्या डब्यात कुमुद गोडा मसाला ठेवायची. तो कुठे आहे हे तिच्या हाताला ठाऊक होतं, डोळ्यांचा त्यात संबंधच नव्हता. कमलाकररावांनी डब्यावरचं वाचलं आणि तीन चमचे टाकले.

फ्लोराबाईंनी एक घोट घेतला. तो गिळला. (जुन्या पिढीची शिस्त.)

"गोडा मसाला," त्या म्हणाल्या. "धणे छान भाजलेत, कुमुदताई." मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मोकाशी, चहा रोज तुम्हीच करता?"

"रोज. म्हणजे वहीत आहे तसा."

"आणि कणीक?"

"तीही."

बाई उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. परात, पातेलं आणि पातेल्यातून ओट्यावर उतरू पाहणारी कणीक त्यांनी शांतपणे पाहिली.

"किती माणसांची ही?"

"तिघांची."

ती कणीक जासईपर्यंतच्या सगळ्या वस्तीला पुरली असती.

"कुमुदताई," बाई वळून म्हणाल्या, "वहीतला नवरा तो हाच का?"

"नाही, बाई. हा माझा. वहीतला यांचा."

कमलाकररावांनी कणकेचे हात पाठीमागे घेतले. "मी नुसतं फेअर..."

"मोकाशी, बायकोची वही म्हणजे ऑफिसातला मसुदा नव्हे. तीस वर्षं झाली, मी अशा सुधारलेल्या वह्या तपासतेय. सगळ्यांतला नवरा एकच असतो. पहाटे उठतो, पोळ्या लाटतो, उशाशी बसतो. पनवेल तालुक्यात तो कुणाला भेटला असेल, तर मलाही एकदा दाखवा." कमलाकररावांकडे पाठ करून त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला. "फॉर्म उद्या पाठवायचे आहेत. कुमुदताई, बसा. आत्ता, माझ्यासमोर, एक पान. 'आजची सकाळ.' जमलं तर फॉर्म जाईल, नाही तर पुढच्या वर्षी. आणि मोकाशी, तुम्ही पोळ्या लाटा. नाहीतर त्या लिहिणार काय?"

कुमुदनं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. एकोणीस वर्षांनी मिळू घातलेलं वर्ष एका कागदावर येऊन टेकलं होतं. मग आत पोळपाट आपटला, आणि ती लिहू लागली.

कमलाकररावांना आतून तिचं पेन ऐकू येत होतं. पोळी पोळपाट सोडीना. त्यांनी ती उलथन्यानं खरवडून तुकड्यातुकड्यानं तव्यावर नेली आणि तिथं पुन्हा जुळवायला घेतली. बोट भाजलं. ओरडले. पेनाचा वेग वाढला. लाटणं ओट्याखाली गेलं, ते काढायला वाकले तर डोकं कपाटाला लागलं. पेन आणखी जोरात! मग त्यांनी पुढची पोळी श्वास रोखून, काहीही न पाडता लाटली, तर बाहेर पेन थांबलं. एका चांगल्या पोळीनं बायकोचं वर्ष जातंय की काय, असा भलताच विचार त्यांच्या मनात आला. तेवढ्यात तव्यावरची पोळी पेटली.

वीस मिनिटांनी फ्लोराबाईंनी कागद उचलला आणि वाचायला लागल्या. मोठ्यानं.

"'आज आमच्या घरात कणकेला पूर आला. यांनी कणकेत पाणी घातलं, मग पाण्यात कणीक घातली. दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा सकाळचा पेपर सकाळी वाचला. बातम्या ताज्या असताना वेगळ्या लागतात. दूधवाल्याला वाटलं मी गेले. शेजारणीला वाटलं मी आजारी आहे. बायको नुसती बसलीय, असं मात्र कुणालाच वाटलं नाही.'"

इथं बाई थांबल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ते हसून पाणावले होते की कशानं, हे कमलाकररावांना कळलं नाही. (त्यांना कळेल असं बाईंनाही वाटलं नसावं.) पुढचं त्यांनी मनात वाचलं आणि पानाखाली लाल शाईत लिहिलं, 'पात्र जिवंत आहे.'

"फॉर्म उद्या जाईल," त्या म्हणाल्या. "उरलेली एकोणचाळीस पानं महिनाअखेरीला, तुमच्या हातची." जाताना त्यांनी करपलेल्या पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मार्क दिल्यासारखं म्हणाल्या, "सुधारणेला वाव आहे."

कणीक बुधाजीच्या म्हशींकडे गेली. त्यांनी तक्रार केली नाही. कमलाकररावांनी हात तीनदा धुतले आणि कणकेच्या भुवया तशाच ठेवून बाहेर येऊन भांडण शुक्रवारी सुटलं होतं तिथून उचललं.

"झालं तुझ्या मनासारखं? बाई आता वर्गात वाचून दाखवतील. सगळं पनवेल हसेल!"

"खरं तेच लिहिलं."

"खरं असलं म्हणून काय सगळं लिहायचं? यार्डात चार माणसं मला साहेब म्हणतात, कुमुद. हे बघ, माझ्याबद्दल चांगलं लिही असं मी म्हणत नाही. वाईट लिहू नको असंही म्हणत नाही. फक्त त्या एकोणचाळीस पानांत मी नको. रेवाबद्दल लिही, कुंड्यांबद्दल लिही, मालूताईंबद्दल लिही. घराबद्दल वाटेल तेवढं लिही. मला वगळ!"

कुमुदनं नवी वही उघडून समास आखून ठेवला होता. तिनं पेन खाली ठेवलं. नवऱ्यानं इतकं काकुळतीला येऊन सांगितलंय म्हटल्यावर तिनं खरोखरच, वहीकडे आणि सगळ्या घराकडे एकदा नजर फिरवत, विचार करून पाहिला. आणि आवाज जराही न चढवता म्हणाली,

"अहो, तुम्हाला वगळून एकोणचाळीस पानं भरू कशानं? बाकीचं सगळं घर नीट चाललंय."