उपरण्याखालचा हात

मन्मथअप्पांनी आयुष्यात कुठल्याही वस्तूचा भाव तोंडानं उच्चारला नाही. अप्पा बैलबाजारातले दलाल. त्या धंद्याची रीत अशी, की घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि बघणाऱ्यांना फक्त दोन निर्विकार चेहरे दिसतात. बैलांपुरतं हे ठीक. अप्पांनी ही रीत सगळ्या संसाराला लावली. वडवणीच्या आठवडी बाजारात ते मेथीची जुडीसुद्धा उपरण्याखाली घेत. एकदा एसटीच्या कंडक्टरच्या हातावर उपरणं टाकलं, तर तो बिचारा "काका, सरकारी तिकीट आहे हो!" असं ओरडत ड्रायव्हरकडे पळाला.

"भाव म्हंजी घरातली गोष्ट," अप्पा म्हणायचे. "चारचौघात काढायची नसती."

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. अप्पांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला नव्यानं निघालेल्या एका कंपनीत. त्यामुळे अप्पांना बोलायला घरात भिंत, आणि भिंतीपलीकडे मी. मला ते 'गुर्जी' म्हणत. बाकी सगळ्या गावाला 'बे'.

रस्त्याच्या कामावर आलेल्या केरळी इंजिनिअरची बदली झाली. त्याची लिली नावाची पांढरी, झुपकेदार कुत्री होती. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही घेऊन जा. फुकट."

अप्पा दुखावले. "फुकट कावून? लाथ मारती का?"

उपरणं पडलं. साहेब शून्यावर ठाम, अप्पा चढत चालले. घेणारा भाव वाढवतोय आणि देणारा पाडतोय, असा सौदा मराठवाड्यात त्याआधी झाला नसावा. अकरा रुपये आणि एका नारळावर मिटला. मग अप्पांनी रीतसर तिचा जबडा उघडून दात पाहिले, पाठीवर थाप मारली, शेपूट ओढली, चार पावलं चालवून पाहिली आणि जाहीर केलं, "जनावर बिनखोड हाय."

घरी येईतो लिलीची लिलाबाई झाली. "लिलाबाई, उठा, उजाडलं. दूध-भाकर खाऊन घ्या." गावाला 'बे' आणि कुत्रीला अहो-जाहो! साठीच्या अप्पांनी बाई आणली, ही बातमी दोन दिवसांत शिरूर कासारला त्यांच्या व्याह्यांपर्यंत पोचली. व्याही खात्री करायला स्वतः आले. लिलाबाई त्यांच्यावर भुंकल्या तेव्हा कुठे त्यांना चहा गोड लागला.

तिसऱ्या महिन्यात लिलाबाई खोकू लागल्या. दारापर्यंत चालल्या तरी धाप लागे. अप्पांचा ओवा झाला, हळद झाली, ज्येष्ठमध झालं. शेवटी मीच दोघांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नव्या तरुण डॉक्टरनं रक्त काढलं, काचेवर पाहिलं, खात्रीसाठी परभणीला पाठवलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी उत्तर आलं.

"काळजात जंत आहेत," डॉक्टर म्हणाला. "डासामुळे होतात. आणली तेव्हाच असणार."

अप्पांनी लिलाबाईंचा जबडा उघडून पुन्हा दात पाहिले. चाळीस वर्षं दात बघून बैल घेतलेला माणूस. काळीज बघायची रीत बाजारात नव्हती.

"इंजेक्शनं मुंबईहून मागवावी लागतील. सोमलाच्या, म्हणजे विषाच्याच जातीचं औषध आहे." आणि दवाखान्याच्या ओट्यावर, बाजाराला आलेल्या पाच-सहा दलालांसमोर, त्यानं खणखणीत आवाजात आकडा सांगितला. त्या पैशांत एक बरा गोऱ्हा आला असता.

अप्पा पांढरेफटक पडले. आकड्यानं नव्हे, आवाजानं. "हळू बोला की, डॉक्टरसाहेब!" म्हणत त्यांनी झटक्यात डॉक्टरच्या हातावर उपरणं टाकलं आणि बोटं चाचपली.

"अप्पा, बाटलीवर किंमत छापलेली असते. माझ्या हातात काही नाही."

"छापील भाव म्हंजी मुक्यासंगं सौदा," अप्पा पुटपुटले. "आन् न्हाई टोचलं तर?"

"तर ती दिवाळी बघणार नाही."

उपरण्याखालचा हात तसाच राहिला. मग अप्पा म्हणाले, "मागवा."

पैसे होते. एकटा माणूस कंटाळत असेल म्हणून मुलानं टीव्हीसाठी पाठवलेले. आमच्या गल्लीनं तर कुणी कुठं बसायचं तेही ठरवून ठेवलं होतं. अप्पा मला घेऊन एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला खुशाल सांगितलं, "आला, आला टीव्ही. चित्र झकास हाय. आवाज तेवढा बसलाय, दुरुस्तीला टाकलाय."

पैशाचं भागलं, पण अब्रू गेली. पुढच्या बाजारात दलालांनी गाठलंच. "काय अप्पा, छापील भावानं घेतलं म्हणं? आता बैलाच्या शिंगावर बी भाव छापा की!" एरवी अप्पांनी त्यांची सात पिढ्यांची खोड काढली असती. त्या दिवशी ते उपरणं खांद्यावर टाकून घरी आले.

इंजेक्शनं झाली. डॉक्टरनं बजावलं, "महिनाभर हिला पळू द्यायचं नाही. मेलेले जंत फुप्फुसात अडकले तर संपलं. पहिले आठ-दहा दिवस जिवाचे."

अप्पांनी बाजारच सोडला. लिलाबाईंना बाजेच्या पायाला बांधून दिवसभर शेजारी बसून राहायचे. गल्लीत कुणी मोठ्यानं खाकरलं तरी ओरडायचे, "हळू बे! बाई झोपल्यात!"

पाचव्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. गेलो. लिलाबाईंनी मान टाकलेली, दूध सकाळपासून तसंच.

"गुर्जी, हात आणा."

"काय घ्यायचंय, अप्पा?"

"आणा तर."

उपरणं पडलं. मी बोटं दाबली जायची वाट बघू लागलो. एकही बोट हललं नाही. कासऱ्यांनी घट्टे पडलेल्या त्या हातानं माझा हात नुसता धरून ठेवला होता. चेहरा नेहमीसारखाच निर्विकार.

"मंडळी गेली तवा म्या बाजारला गेलतो, गुर्जी," बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले.

 माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी हलवला नाही.

चारच्या सुमाराला लिलाबाईंनी डोळा उघडला, वाटीकडे मान वळवली आणि चार घोट दूध चाटलं. अप्पांनी झटक्यात उपरणं ओढून घेतलं, त्याच्याच टोकानं नाक पुसलं आणि माझ्यावर खेकसले, "काय बघताय? जमला न्हाई सौदा. जावा आता. शाळा न्हाई का तुमाला?"

रविवार होता. मी उठून गेलो.