फकिरा गेल्यावरची वरात

"माह्या बँडातून कोनीबी जावो, बँड तोच वाजंल," असं चिंतामण मास्तर बालाघाटच्या चौकात, चहाच्या दुकानापुढे, दहाजणांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. अकरा वर्षं क्लॅरिनेट वाजवणारा फकिरा त्याच सकाळी बँड सोडून गेला होता. भांडण काय, तर नवी गाणी जरा संथ घेऊ, एवढंच तो बोलला होता. मास्तरांना कोणी शिकवलेलं खपत नसे.

त्याच्या जागी पुनाराम आला. पोलीस बँडातून निवृत्त झालेला, छाती घमेल्याएवढी. ट्रंपेट फुंकायला लागला की कौलं हलत. पण तीस वर्षं परेडला वाजवलेलं! गाणं प्रेमाचं असो की विरहाचं, त्याच्या ट्रंपेटातून ते कदमताल करतच बाहेर पडे. ढोलवाले बिचारे पुढच्या सुरामागं जाणारे, तेही तसंच बडवू लागले. मास्तरांच्या कानाला हे खुपत होतं, पण चौकात बोललेलं गिळायचं कसं? हा नवा आवाज आहे, लोकांना सवय होईल, असं ते सांगत सुटले.

लोकांना सवय लालबर्रा गावातल्या लग्नात झाली.

वरात शाळेपासून मांडवापर्यंत, अर्धा मैल. मामा-काका नाचत दीड तास तरी लावतील, या हिशेबानं मुलीकडचे निवांत होते. पुनारामनं सूर लावला आणि नाचायला वर गेलेले काकांचे हात खाली आले. पाय आपोआप पडू लागले, डावा, उजवा, डावा, उजवा. घोडीनंही दुडकी चाल धरली. नवरदेव एका हातानं बाशिंग सावरतोय, दुसऱ्यानं लगाम! मास्तर हळू, हळू म्हणत पुढं धावले, पण त्या ट्रंपेटापुढं ऐकतो कोण? आठ मिनिटांत वरात मांडवात.

मुलीचे वडील डोमाजी बनियनवर, गालाला साबण लावून बसले होते. भात चुलीवर, नवरीचे केस ओले.

"वरात आणली का धाड टाकली?" डोमाजी गरजले.

वरात शाळेपर्यंत परत न्यायची आणि पुन्हा आणायची, असं ठरलं. वरबाप मात्र म्हणाला की बिनाबँडाची आणू, पण हा बँड नको. मास्तरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला पाण्याची बादली घेऊन फकिरा दिसला. लालबर्रा त्याचं गाव, शेजारधर्मानं राबायला आलेला. मास्तर शरमेनं काळेठिक्कर पडले, तरी गेले.

"फकिरा, माह्यी चुकी झाली. क्लॅरिनेट पेटीत हाय. वाजवतं का?"

"मास्तर, चौकात तर तुम्ही..."

"हौ, सगळ्याइसमोर बोललतो. म्हनून सगळ्याइसमोर मागून राह्यलो."

फकिरानं बादली खाली ठेवून हात धोतराला पुसले.

दुसऱ्या वरातीला दोन तास लागले. म्हातारेकोतारे नाचले, ट्रंपेट काखेत मारून पुनारामही नाचला. नवरदेवाची आत्या शेवंताबाई बैहरच्या बसनं उशिरा पोचली होती. तिनं फकिराच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, लय गोड वाजवलं." मग तिचं लक्ष शेजारी उभ्या चिंतामण मास्तरांकडे गेलं. "आन् तुम्ही काय करता याइच्याजवळ?"

मास्तरांनी पायाशी पडलेली क्लॅरिनेटची रिकामी पेटी उचलली.

"मी पेट्या उचलतो."