भादुडीबाबू आलेच नाहीत

पुंटूदांनी चाळीस वर्षं कविता लिहिल्या, मग कादंबऱ्या लिहिल्या, दर दुर्गापूजेला शारदीय अंकांचे संपादक त्यांच्या मागे लागत. सगळ्या कलकत्त्याला हिमाद्रिशेखर भादुडी ठाऊक होते. फक्त स्वतःच्या गल्लीत ते पुंटूदा होते, मासळी चांगली पारखणारे. घरातलं लाडकं नाव एकदा गल्लीच्या तोंडात बसलं की खरं नाव विचारतो कोण? याचं पुंटूदांना मनातून फार वाईट वाटे. निदान एकदा तरी आपल्या माणसांनी आपल्याला लेखक म्हणावं, एवढीच इच्छा होती.

म्हणून तरुण संघाचा साठीचा सेक्रेटरी बिल्टू ओट्यावर येऊन म्हणाला, "पुंटूदा, तुम्ही काहीबाही लिहिता ना? मग पूजेला त्या हिमाद्रिशेखर भादुडींना आणा बघू," तेव्हा त्यांना उकळ्याच फुटल्या. आणतो म्हणाले. बायकोने, कावेरीने, आत्ताच खरं सांगून टाका म्हणून परोपरीने विनवलं. पण छे! भर मंडपात सगळ्यांचे चेहरे बघायचे होते ना त्यांना.

सप्तमीच्या संध्याकाळी चुणीदार धोतर नेसून पुंटूदा थेट पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. बिल्टूने त्यांना दंडाला धरून उठवलं.

"अरे, भादुडी तो मीच," पुंटूदा शांतपणे म्हणाले.

बिल्टूने पुस्तकामागचा फोटो पाहिला. त्यात कपाळावर केसांची झुलपं होती. मग त्याने पुंटूदांच्या डोक्याकडे पाहिलं आणि भांग कुणी पाजली म्हणून चौकशी केली. पुंटूदांनी कादंबरीचं अख्खं पान घडाघडा म्हणून दाखवलं. बिल्टू कौतुकाने म्हणाला, एवढं तर खुद्द लेखकाच्याही ध्यानात नसेल. कावेरीने साक्ष दिली, तर वहिनी नवऱ्याचीच बाजू घेणार, असं ठरलं. घरून ओळखपत्र आणतो म्हणाले, तर बिल्टूने वाटच अडवली. लोक चुळबुळायला लागले होते. पाहुणा येईपर्यंत माईक पुंटूदांनीच सांभाळायचा होता.

पुंटूदा बोलले. आणि काय बोलले! गल्लीबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल, पहिली कविता छापून आली तेव्हा आईने शेजारी वाटलेल्या नारळाच्या लाडवांबद्दल. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, टाळ्या थांबेनात. पुंटूदांचा ऊर भरून आला. आता तरी पटलं असेल, असं त्यांना अगदी खात्रीने वाटलं.

बिल्टू डोळे पुसत आला. त्याने पाहुण्यांसाठी आणलेली शाल आणि संदेश मिठाईचा डबा त्यांच्या हातात दिला.

"हे भादुडीबाबूंना पोचवा. वाटेत डबा उघडू नका. आणि सांगा त्यांना, आला नाहीत ते बरंच झालं. आमचा पुंटूदा तुमच्यापेक्षा सरस आहे."

घरी येऊन पुंटूदांनी शाल पांघरली, डबा उघडला आणि पहिला संदेश कावेरीच्या हातावर ठेवला.

"खा तू निवांत," ते म्हणाले. "भादुडीची समजूत मी घालतो."