पोतंभर वांग्यांची बचत

घरखर्च कमी करणं बायकांना जमत नाही आणि पुरुषांना सहज जमतं, असं माझं ठाम मत होतं. मत मांडायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी ते रोज मांडत असे. शेवटी एके दिवशी माझ्या बायकोनं, प्रमिलेनं, बाजाराची थैली माझ्या अंगावर टाकली.

"घ्या! या महिन्याचा किराणा तुमीच आना. पोरीचं लग्न करा लागते, दाखवा पैसा वाचवून!"

मुद्दा खरा होता. पांढुर्ण्याचे रघुनाथराव आमच्या उर्मिलेला आपल्या मुलासाठी पाहून गेले होते. पोहे खाऊन गेले ते गेलेच. होकार नाही, नकार नाही! उर्मिलेला मुलगा आवडला होता. पोस्टमन दिसला की सगळ्यांच्या आधी ती दारात जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. मला ते पाहवत नसे. आणि होकार आलाच, तर घरात पैसा नको? मी कामाला लागलो.

शहाणा माणूस सौंसरच्या बाजारात सकाळी जात नाही, बाजार उठताना जातो. कवडू भाजीवाल्याला शेवटची बस गाठायची होती.

"केशवराव, सारेच वांगे घेऊन जा ना, पोत्यासकट!"

किलोभराच्या पैशांत पोतंभर वांगी! चिरून वाळवली की वर्षाची भाजी झाली. तिथून चक्कीवर गेलो. बारीक पिठाच्या पोळ्या माणूस किती खातो याला धरबंध नसतो, जाड्या पिठाच्या पोळीवरून तो आपणहून उठतो. म्हणून गहू जाडाच दळून घेतला. राहिलं रॉकेल. ते महाग, म्हणून एका शेतकऱ्याकडून बैलगाडीभर गोवऱ्या स्वस्तात उचलल्या.

तिन्ही वस्तू एकाच दिवशी भर गल्लीतून घरी आल्या. इथं माझं चुकलं. आमच्याकडे पोतंभर वांगी, जाडं पीठ आणि गाडीभर गोवऱ्या एका दारात उतरल्या की त्याचा अर्थ एकच होतो: या घराचा नवस फिटला, आता मारुतीपुढे गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड कणकेच्या रोडग्यांचं आणि वांग्याच्या भाजीचं जेवण!

शेजारचे गुणवंता कुंपणावरूनच ओरडले, "जमलं म्हना की पोरीचं! जामसांवलीच्या मारुतीले शनिवारीच ना?"

"छे हो! काही जमलं नाही. मी तर काटकसर करून राहिलो."

"समजलं, समजलं. नवस फिटेपर्यंत सांगत नसते. मी कोनाले बोलत नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुणवंतांनी सांगितलं नाही असं घर सौंसरात उरलं नव्हतं. मी घरोघर जाऊन खुलासा करायला निघालो, तर प्रमिला दारात आडवी.

"मारुतीच्या नावाचं जेवन लोकायच्या तोंडून निघालं, अन् आता नाही म्हनता? तिकडं पोरीचं अडून हाय, तुमी देवाले फसवून राहिले?"

"अगं, पण मी नवस बोललोच नाही!"

"मंग आता बोला!"

देवघराकडे तोंड करून बोललो, "रघुनाथरावांचा होकार येऊ दे." आधी फेड आणि मागून मागणं, असा नवस मारुतीलाही नवीनच असावा.

वांगी, पीठ, गोवऱ्या घरात होत्याच. फक्त तेल, तूरडाळ, तूप, गूळ आणि सामान न्यायला ट्रॅक्टर आणायचा होता. तेवढ्यातच या महिन्याच्या किराण्याचे पैसे संपले आणि पुढच्याचेही. शनिवारी जामसांवलीला माणसं आपापली ताटं-लोटे घेऊन आली. ज्यांना मी ओळखत नव्हतो तेही माझं अभिनंदन करून जेवायला बसले.

दुसरी पंगत बसली आणि पांढुर्ण्याच्या बसमधून खुद्द रघुनाथराव उतरले. कंडक्टरनं बातमी तिथवर पोचवली होती.

"केशवराव! आम्ही अजून हो म्हनलो नाही, तं तुमी जमवलं कोनाशी?"

उर्मिला वरण वाढत होती, ते ताटाबाहेर गेलं. खरं सांगावं तर चिक्कू ठरतो, खोटं सांगावं तर समोर मारुती!

"कोणाशीच नाही हो," मी म्हणालो. "तुमच्याच होकाराचा नवस आहे. आधीच फेडून टाकला."

रघुनाथराव चपला काढून पंगतीत बसले आणि तूप संपेपर्यंत जेवले.

"खरं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "मले तुमी लय हिशेबी वाटले होते. म्हटलं, हा मानूस वऱ्हाडाले उपाशी धाडन. पन इतक्या मोकळ्या हाताचं घर! जमलं समजा. पोरगी आमची!"

प्रमिलेनं डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं, ते लपवत नाही.

हात धुऊन रघुनाथराव विस्तवाकडे गेले. काठीनं अर्धवट जळलेल्या गोवऱ्या त्यांनी बाजूला ओढल्या, त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि एकेक आपल्या थैलीत भरू लागले.

"हे काय हो, व्याही?"

"फुकट जाऊन राहिल्या ना बाप्पा! आठवडाभर चहा होते याच्यावर!"

उर्मिलेनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चिंता करू नका, बाबा," ती हळूच म्हणाली. "मले तिथं करमन."