रेशीमखात्याचे हात

"सोडा! तसाच सोडा, ओढू नका!" मालक गल्ल्यावरून ओरडले.

तोवर उशीर झाला होता. मोरपंखी रेशमाचा धागा रेशीमभाऊंच्या अंगठ्याच्या भेगेत अडकून चांगला वीतभर बाहेर आला होता. गिऱ्हाईक बाईंनी धाग्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

कापडाच्या त्या मोठ्या दुकानात रेशीमखातं म्हणजे रेशीमभाऊच. तागा असा अलगद उलगडायचे, की बघणाऱ्याचा जीव त्यात अडकावा. पण त्या हिवाळ्यात हवा अशी काही कोरडी पडली, की अडकायचं काम त्यांच्या बोटांनीच पत्करलं.

"शनिवारी नवरीकडची मंडळी येणार आहेत," मालक म्हणाले. "आणखी एक धागा निघाला तर तुम्ही वर. माळ्यावर. पायपुसण्यांत."

माळ्यावर मालकीणबाईंचा भाचा पायपुसणी विकायचा. काथ्यात राहून त्याचे तळहातही तसेच झाले होते, म्हणून सगळे त्याला काथ्याच म्हणत. खाली रेशमात यायची त्याला भारी हौस. पण त्याचे हात बघून मालक त्याला दर वेळी जिन्यावरूनच परत पाठवत.

घरी रेशीमभाऊंनी हात पुढे केले मात्र, सगळं घर डॉक्टर झालं.

"मळ आहे तो," आई म्हणाली. "कढत पाण्यात साबणानं खसाखसा घास. पांढरं दिसतंय ते सगळं निघेल."

निघालं. खालून लाल निघालं.

"पाणीच पीत नाही तुम्ही," बायको म्हणाली. ते तांब्यानं पाणी प्यायला लागले. फरक एवढाच पडला, की ते दुकानात काउंटरमागे कमी आणि मागच्या दारी जास्त दिसू लागले. मोठी बहीण लिंबू घेऊन आली. लिंबाचा रस भेगेत उतरला तेव्हा रेशीमभाऊंनी जो आवाज काढला, तो ऐकून शेजारी चौकशीला आले आणि जाता जाता तेही एकेक उपाय सांगून गेले.

शेवटी डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, "कढत पाण्यानं आणि साबणानं कातडीतलं होतं नव्हतं ते तेल धुऊन टाकलंत. आता कोमट पाणी, साबण नावापुरता. हात नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच साधं मलम लावायचं. रात्री वरून सुती हातमोजे."

"आणि औषध?"

"हेच."

"कोमट पाणी सांगायला डॉक्टर लागतो?" आईला ते फार लागलं.

तेव्हा मलम पत्र्याच्या चपट्या डबीत मिळायचं. झाकण उघडताना नख तुटायचं. म्हणूनच की काय, लोक ते जपून लावायचे. हात हळूहळू सुधारू लागले. पण शनिवार काही हळूहळू येत नव्हता. त्या दिवशी सकाळी आईनं हिशेब मांडला: रात्री बोटभर लावून इतका गुण, तर डबीभर लावून केवढा येईल! तिनं स्वतः चोळून दिलं. रेशीमभाऊ वरून हातमोजे चढवून दुकानात गेले, मंडळी आल्यावर ते खिशात टाकले आणि मोतिया रेशमाचा तागा उलगडला.

धागा निघाला नाही. पण मधोमध अंगठा उमटला. असा स्वच्छ, की रेघा मोजून घ्याव्यात.

"अहो, हा डाग कसला?" नवरीच्या आत्यानं विचारलं. गल्ल्यावर मालकांची मान वर झाली.

रेशीमभाऊ गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलले नव्हते. पण पहिल्याच खेपेला बरं जमलं. "हेच दाखवायचं होतं, ताई. रेशमाला उघडा हात लागला की असं होतं." आणि त्यांनी खिशातले हातमोजे काढून सावकाश घातले. "म्हणून आमच्याकडे हे असं."

"बघ गं!" आत्या नवरीला म्हणाली. "नाहीतर परवाचं ते दुकान! घामट हातांनी नुसतं चिवडत होते मेले."

मंडळींनी अर्धं कपाट रिकामं केलं.

सोमवारी दारावर पाटी लागली: 'आमच्या रेशमाला उघडा हात लागत नाही.' सगळ्या विक्रेत्यांना हातमोजे आले, मग गिऱ्हाइकांनाही. हातमोजे घालून रेशीम चाचपायला बायका रांग लावू लागल्या. कापड कसं आहे ते कुणालाच कळत नव्हतं, पण भारी आहे याबद्दल दुमत नव्हतं. इकडे दिवसरात्र मलम आणि हातमोजे यांत राहून रेशीमभाऊंचे हात लोण्यासारखे झाले. बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा इतके मऊ नव्हते हो!"

एके सकाळी मालकांनी त्यांना बोलावलं. "भाऊ, मला सांगा, हातमोज्याच्या आतला हात कसा आहे, ते गिऱ्हाइकाला दिसतं का?"

"मुळीच नाही, मालक!" रेशीमभाऊ अभिमानानं म्हणाले.

"तेच म्हणतो मी." मालकांनी आवाज खाली आणला. "घरी रोज माझं डोकं खातात हो, भाच्याला खाली घ्या म्हणून. आता माझ्याकडे नाही म्हणायला कारणच उरलं नाही. आणि माळ्यावर त्याच्या जागी कुणीतरी हवंच ना."

जिन्यात काथ्या भेटला. कोरे हातमोजे घालून दोन-दोन पायऱ्या उतरत होता. "काका, वरचं जरा जपून हं," तो म्हणाला, "टोचतं."

माळ्यावर रेशीमभाऊंनी पहिलं पायपुसणं उचललं आणि काथ्याचं कुसळ लोण्यात शिरावं तसं बोटात शिरलं. ते कळवळून खिशातले हातमोजे काढू लागले, तोच जिन्याखालून वर पाहत मालकांनी हाक मारली.

"अहो भाऊ, पायपुसण्यांना कशाला हातमोजे? इकडे टाका ते, गिऱ्हाइकांना कमी पडताहेत!"