दोन मीटर जास्तीची केबल

नेट गेल्याचं जॉइंटरकाकांना दुपारी तीन वाजता कळलं. कुणी घालवलं हेही तेव्हाच कळलं, कारण पक्कड त्यांच्याच हातात होती.

काकांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडल्या होत्या. फायबर बसवायला आलेल्या बाईंनी दाराशी दोन मीटर जास्तीच्या केबलचं वेटोळं खिळ्याला टांगून ठेवलं होतं, ते आठवडाभर त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. आज त्यांनी जास्तीचं कापून टाकलं आणि उरलेली टोकं पिळून जोडायला घेतली. सोलल्यावर आत तार नव्हतीच. केसासारखं काहीतरी होतं आणि पिळताच ते मोडलं.

मोडलं ते मोडलं, पण संध्याकाळी सहाला मुलीचा फोन यायचा होता. काकू जाऊन चार महिने झाले होते. बाबांनी आपल्याकडे राहायला यावं असं मुलीचं म्हणणं होतं आणि काकांना घर सोडायचं नव्हतं. शेवटी तह झाला. मुलीने फायबर घेऊन दिलं, एक टॅब दिला आणि बजावलं, "रोज सहाला मला तुम्ही दिसायला हवेत. नुसता आवाज चालणार नाही. आवाजात तुम्ही रोज जेवलेले असता. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी गाडी घेऊन येईन आणि बॅग मीच भरेन."

फायबरवर चित्र फार स्वच्छ दिसायचं. सोमवारी तिने तिथे बसून इथल्या ओट्यावरच्या न विसळलेल्या कपबश्या मोजल्या होत्या.

काकांनी पुन्हा सोललं, पुन्हा पिळलं, पुन्हा मोडलं. दर खेपेला केबल वीतभर कमी होत गेली. राउटर टेबलावरून स्टुलावर आणि स्टुलावरून दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर आला. साडेचारला त्यांनी हात टेकले आणि कंपनीला फोन लावला. सव्वापाचला फायबरवाल्या बाई दारात हजर.

"आपोआप तुटली," काका म्हणाले.

बाईंनी केबल हातात घेतली. "आणि टेपही आपोआप लागली?"

काकांनी हातातली पक्कड पाठीमागे नेली.

"टेप मात्र सुरेख लावलीय हं. कुठे होतात कामाला?"

"तांब्याच्या तारांवर."

"तरीच. अहो काका, ही काच आहे. पिळून कशी जोडणार?"

"काच वाकते?"

"एवढी बारीक असली की वाकते."

"आणि आतून वीज जाते?"

"उजेड जातो. अहो, डोळ्याला लावू नका. दिसत नाही, पण डोळा जाईल."

बाईंनी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र उघडलं. त्याच्या पडद्यावर दोन टोकं ओंडक्यांएवढी दिसत होती. ती हळूहळू समोरासमोर आली, एक ठिणगी पडली आणि मधली फट नाहीशी झाली. राउटरचा लाल दिवा हिरवा झाला. पावणेसहा वाजले होते. काकांचं घर वाचलं होतं. आता फक्त टॅबसमोर जाऊन बसायचं होतं.

"पुन्हा दाखवता?" काकांनी विचारलं.

"पुन्हा दाखवायला पुन्हा कापावी लागेल."

"मग कापा."

"केबल ठेवलीय कुठे तुम्ही कापायला? तो कचऱ्यातला तुकडा आणा."

पहिला जोड बाईंनी करून दाखवला. दुसरा काकांनी केला, तो वाकडा गेला. तिसऱ्याची टोकं समोरासमोर येत होती, तेवढ्यात आत टॅब वाजायला लागला.

"काका, फोन."

"वाजू दे. एवढी ठिणगी पडू दे."

टॅब दुसऱ्यांदाही वाजून थांबला. सहा वाजून बारा मिनिटांनी काकांनी तो उचलला, तेव्हा मुलीच्या हातात गाडीची किल्ली होती.

"बाबा, मी निघतेय."

"थांब गं, आधी हे बघ." त्यांनी तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला. "जोड दिसतोय?"

"नाही."

"दिसणारच नाही. मी केलाय."

मग त्यांनी पक्कड, टेप, चपलांचा स्टँड, सगळं सांगून टाकलं. आईनंतर बाबांचं एवढं सलग बोलणं तिने ऐकलं नव्हतं.

"म्हणजे नेट तुम्हीच तोडलंत?"

"हो. पण ऐक ना, आतून उजेड जातो."

मुलीने किल्ली टेबलावर ठेवली. ठेवल्याचा आवाजही स्वच्छ आला.

"बाबा, उजेड तर सरळ जातो ना? मग वळणावर बाहेर कसा पडत नाही?"

काका विचारायला वळले, पण बाई पुढच्या घरी गेल्या होत्या.

"उद्या सहाला सांगतो," ते म्हणाले.

याला तीन दिवस झाले. काकांना अजून उत्तर सापडलेलं नाही.