कलम सतरा आणि चौथ्या मेजावरील रणसंग्राम

हकीकत घडली तैशी लिहितो. पदरचे तिखटमीठ लावले नाही, लावले असेल तर चवीपुरते. वाचनालयाचे माजी ग्रंथपाल, शांततेचे कट्टर कैवारी, यांस दहा वर्षांआतील मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची मुख्य पंचगिरी बहाल जाहली, आणि त्यांनी ती शिरोधार्य मानून तीन आठवडे खपून अठ्ठावीस कलमांचा कायदा सिद्ध केला. मोहऱ्यास बोट लागले की ते हललेच पाहिजे, मग डोळ्यांत पाणी आले तरी बेहत्तर. आईबापांनी काचेच्या दाराबाहेर तळ द्यावा, खाणाखुणा करू नयेत, खोकूही नये. आणि पटावर मोहरी मांडण्याचा अधिकार एकट्या मुख्य पंचांस, कारण इतरांचा भरवसा काय धरावा?

स्पर्धकांत खुद्द पंचांची नात होती, वय वर्षे नऊ, घरचे नाव भिंगरी. लोक बोट दाखवतील या धास्तीने पंचांनी आदल्या दिवशीच घरात फर्मान काढले, की हॉलमध्ये मी तुझा कुणी नाही, मला हाक मारायची नाही, माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. पोरीने मान डोलावली आणि खेळायला गेली.

मग मोहिमेचा दिवस उगवला, आणि पंचांनी भल्या सकाळी वीस मेजांवर वीस पटांच्या फौजा स्वहस्ते उभ्या केल्या, चष्मा कपाळावर आणि ऐट आभाळात. चौथ्या मेजावर दोहीं बाजूंस राजाच्या घरी वजीर बसला आणि वजिराच्या घरी राजा, ते त्यांस दिसले नाही. तेथे भिंगरीसमोर दंतवैद्यांचे चिरंजीव होते, वय आठ. त्यांस वाटले, अठ्ठाविसांतले हेही एक कलम असेल.

युद्ध जुंपले. चौदा चालींत भिंगरीने शत्रूचा एक हत्ती आणि एक उंट गारद केला, आणि चिरंजीव नखे खाऊ लागले, आणि बाहेर दंतवैद्यांनी काचेस नाक लावून पाहिले तो दोन्ही राजे पहिल्यापासून परक्या घरी ठाण मांडून बसलेले! मग ते दार ढकलून आत घुसले आणि मागणी केली, की डाव मोडा आणि नव्याने मांडा.

कलम सतरा स्वच्छ होते. मांडणीची चूक दहा चालींच्या आत सापडल्यास डाव नव्याने, पुढे सापडल्यास आहे तैसा चालू. परंतु चूक आजोबांची होती, जिंकत नात होती, आणि काचेपलीकडे चाळीस आईबाप कान टवकारून उभे होते. पंचांचे धाबे दणाणले. कायदा पाळला तर लोक म्हणणार, नातीसाठी पाळला. सबब अब्रू राखण्याकरिता त्यांनी हुकूम केला, की चौथ्या मेजाचा डाव रद्द. हे त्यांनी भिऊन केले. बखरकाराने खोटे का लिहावे?

तेव्हा भिंगरीने हात वर केला.

"पंचसाहेब," ती म्हणाली, "चौदा चाली झाल्यात. कलम सतरा."

आजोबा अशी हाक तिने मारली नाही. दालन ऐसे गप्प जाहले, की ग्रंथपालांच्या ऐन अंमलातही कधी जाहले नव्हते. पंचांची मान शरमेने खाली गेली, आणि त्यांनी हुकूम मागे घेतला, आणि दंतवैद्यांस दाराबाहेर पोचवले. जाता जाता दंतवैद्य बोलले, की पंच घरचा, मग न्यायही घरचाच. एकतिसाव्या चालीस चिरंजीवांवर मात जाहली, आणि उभयतां वीर हात मिळवून पाणी प्यायला पळाले.

दालन रिकामे जाहल्यावर नात मोहरी डब्यात भरू लागली. पंचांनी हळूच विचारले, "चुकलंय हे तुला कधी कळलं गं?"

"खेळ सुरू व्हायच्या आधीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, हॉलमध्ये मी तुझा कुणी नाही. मग परक्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची?"

पंचांस फार वाईट वाटले, आणि त्यांनी एक प्यादे उचलून तिच्या डब्यात ठेवले आणि निकालपत्र पुढे ओढले.

येणेप्रमाणे चौथ्या मेजाची मोहीम फत्ते जाहली आणि कलम सतरा शाबूत राहिले. निकालपत्रात विजेत्याचे नाव आणि वय यांखेरीज एक अक्षर लिहू नये, ऐसे कलम अठ्ठावीस सांगते. मुख्य पंचांनी ते मोडून स्वहस्ते नोंद केली, आणि खाली सही ठोकली: मेज चौथे. विजयी भिंगरी, वय नऊ, माझी नात.